कुलूपबंद मल्टिप्लायर आणि १६३चा बेस क्लॉक

मित्राने मशीन आणून टेबलावर ठेवलं आणि एका वाक्यात मागणी सांगितली. "याचे साडेचार गिगाहर्ट्झ होतात म्हणे, करून दे."

मशीनमध्ये इंटेलचा कोअर आय५-६४०० प्रोसेसर होता. चार कोअर, चार थ्रेड, ६ एमबी एल३ कॅश, ६५ वॉट. बोर्ड झेड१७० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसरला डिस्क, यूएसबी वगैरेंशी जोडणारी चिप), रॅम डीडीआर४-२१३३च्या दोन स्टिक, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि दोन मॉनिटर. काम काय करतोस, असं विचारल्यावर तो म्हणाला, दिवसा व्हिडिओ एडिटिंग, रात्री एक्स२६५ या व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामने एन्कोडिंग लावून झोपायचं, सुटीला गेम. हा क्रम मी ऐकला आणि सोडून दिला. तिथेच चुकलो. पुढचं सगळं प्रकरण त्या क्रमाभोवतीच फिरलं.

आधी गणित. प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. ६४००चा बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर २७, म्हणून खोक्यावर २.७ गिगाहर्ट्झ. टर्बोमध्ये, म्हणजे प्रोसेसर गरजेनुसार स्वतःच वेग वाढवतो तेव्हा, एका कोअरला ३३पर्यंत मुभा असते, चारही कोअर कामाला जुंपले की ३१. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'के' असतो, त्यांचा मल्टिप्लायर बायोसमधून, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरमधून, वाढवता येतो. ६४००च्या नावाला तसलं शेपूट नाही. गुणाकारातला एक आकडा कुलपात गेला की दुसऱ्याकडेच वळायचं.

बेस क्लॉक वाढवून ओव्हरक्लॉक करण्याची, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापुढे पळवण्याची, ही विद्या जुनी आहे. १९९८च्या सेलेरॉन ३००एचा मल्टिप्लायर साडेचारवर बंद होता; बस (तेव्हाचा बेस क्लॉक) ६६ऐवजी १०० केली की ३००चे ४५० मेगाहर्ट्झ व्हायचे. कोअर २च्या काळात पेंटियम ई२१६० यायचा, मल्टिप्लायर नऊ आणि बस २००. बस ३३३वर नेली की १.८चे ३ गिगाहर्ट्झ. कुलूप तेव्हाही होतंच, पण त्याचं कुणाला सुतक नव्हतं. जानेवारी २०११मध्ये इंटेलची सँडी ब्रिज ही प्रोसेसरची पिढी आली आणि ही वाट बुजली. क्लॉक जनरेटर चिपसेटच्या पोटात गेला; प्रोसेसर, पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डाचा दुवा), साटा (डिस्कचा दुवा), यूएसबी, सगळे एकाच १०० मेगाहर्ट्झच्या दावणीला बांधले गेले. बेस क्लॉक सात-आठ टक्के वर नेला तर प्रोसेसर कुरकुरायच्या आधी डिस्क नाहीशी व्हायची. तीन ते पाच टक्क्यांवर खेळ संपायचा. लोक मल्टिप्लायरच्या कुलपाला शिव्या देत होते, पण दार खिळ्याने ठोकलं होतं ते या सामायिक क्लॉकने.

ऑगस्ट २०१५मध्ये आलेल्या स्कायलेकने, म्हणजे ६४०० ज्या पिढीचा तिने, हा खिळा काढला. पीसीआय एक्सप्रेस आणि चिपसेटकडे जाणाऱ्या डीएमआय दुव्याला स्वतंत्र क्लॉक मिळाला, त्यामुळे बेस क्लॉक वाढला तरी डिस्क आणि यूएसबीला त्याचा पत्ता लागत नाही. 'के' नसलेल्या मॉडेलांवरची बंदी आता फक्त फर्मवेअरपुरती उरली होती. २०१५च्या डिसेंबरात काही बोर्ड उत्पादकांनी ती बंदी ओलांडणारे बायोस काढले आणि फेब्रुवारी २०१६च्या सुमारास, इंटेलच्या सांगण्यावरून, ते मागे घ्यायला सुरुवात झाली. नंतरच्या बायोसमध्ये नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं नियंत्रण सॉफ्टवेअर) आला आणि खिडकी बंद. मित्राने त्या दोन-तीन महिन्यांतली आपल्या बोर्डाची फाइल जपून ठेवली होती. शिवाय बोर्डावर बायोसच्या दोन चिप आणि त्यांच्यात अदलाबदल करायचं बटण होतं. हे बटण नसतं तर मी या प्रकरणात पडलोच नसतो. जुना बायोस घालताना वीज गेली आणि चिप एकच असली, तर बोर्डाची फोटोफ्रेम होते.

मोजल्याशिवाय हात लावायचा नाही

ही माझी एकमेव शिस्त, आणि या वेळी तिनेच वाचवलं. पाच मिनिटांची १०८० रेषांची क्लिप घेतली, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने ७५०० फ्रेम. एक्स२६५च्या मीडियम प्रीसेटवर मूळ स्थितीत सेकंदाला १८ फ्रेम, म्हणजे जवळजवळ सात मिनिटं. फाइल दाबणाऱ्या सेव्हन-झिपचा बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी. प्रोसेसरवर अडणारा त्याचा एक गेम, सरासरी ६१ फ्रेम. भिंतीच्या सॉकेटवर लावलेल्या मीटरवर मशीन रिकामं असताना ४१ वॉट, एन्कोडिंग चालू असताना ९६.

मग नव्याच बायोसवर सरळमार्गी प्रयत्न. बेस क्लॉक १०३ झाला, त्यापुढे बोर्ड गप्प. ३१ गुणिले १०३ म्हणजे ३.१९ गिगाहर्ट्झ. तीन टक्के वाढ स्टॉपवॉचवर दिसते, माणसाला दिसत नाही.

'अ' चिपवर जुना बायोस घातला, 'ब' चिप जशीच्या तशी ठेवली. मशीन सुरू केलं आणि पडदा काळा. पंखे फिरतायत, कीबोर्डचा दिवा लागतोय, चित्र नाही. सीएमओएस (बायोसच्या सेटिंग साठवणारी जागा) पुसला, रॅमची एक स्टिक काढली, जागा बदलून पाहिली. वीस मिनिटं गेल्यावर लक्षात आलं की टेबलावर चालू असलेला मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला जोडलेला आहे. या जातीच्या बायोसमध्ये बेस क्लॉक मोकळा करताना प्रोसेसरमधलं अंतर्गत ग्राफिक्स बंद होतं. केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आणि सगळं दिसायला लागलं. तेव्हा मी हसलो. दुसरा मॉनिटरही कार्डाला जोडला की झालं, असं वाटलं. अंतर्गत ग्राफिक्सबरोबर आणखी काय गेलं, हे दोन दिवसांनी कळलं.

दुसरी चूक निखालस माझी. बेस क्लॉक १२० ठीक चालला. १४० केला तर बोर्ड तीनदा चालू-बंद झाला आणि मूळ सेटिंगवर परतला. प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवलं, तेच. खरं तर प्रोसेसर तेव्हा ३.७८ गिगाहर्ट्झवर होता, या पिढीला ते काहीच नाही. अडत होती रॅम. तिचा वेगही बेस क्लॉकवरच उभा असतो. २१३३च्या सेटिंगला १.४ने गुणा, २९८६ होतात, आणि त्या बिचाऱ्या स्टिकचा तेवढा दम नव्हता. बायोसमध्ये रॅम १३३३वर आणली. १६० बेस क्लॉकला तीच २१३३च्या आसपास येते. कॅशला जोडणाऱ्या रिंगचा मल्टिप्लायरही वेगळा असतो, तो २४वर उतरवला. मल्टिप्लायर बदलून ओव्हरक्लॉक करणाऱ्यांना या भानगडी नसतात. त्यांचा एकच आकडा हलतो. बेस क्लॉक हलवला की घरातली सगळी भांडी हलतात.

टर्बो, तसंच काम नसताना वेग आणि वीज उतरवणारे स्पीडस्टेप आणि सी-स्टेट बंद केले, ते बंद करावेच लागतात. १५०ला ४.०५, १६०ला ४.३२. १६७वर ४.५ झाले, विंडोजही चालू झालं आणि मित्राने फोटो काढला. दहा मिनिटांत मशीन गोठलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअर चुकांची रांग. १.४० व्होल्टपर्यंत जाऊनही ती थांबेना, आणि रोज वापरायच्या मशीनला त्याहून वर न्यायची माझी तयारी नव्हती. १६३वर थांबलो. २७ गुणिले १६३, ४४०१ मेगाहर्ट्झ.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सगळे बदल बायोसमधून केले, विंडोजमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरने नाही. चालू विंडोजमध्ये बेस क्लॉक बदलला तर काही प्रणालींवर खुद्द घड्याळच चुकायला लागतं आणि बेंचमार्कचे आकडे खोटे येतात. याच कारणाने ऑगस्ट २०१३मध्ये ओव्हरक्लॉकिंगच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या एचडब्ल्यूबॉटने विंडोज ८वरचे निकाल नाकारले होते. मी तरीही पहिली मोजणी हातातल्या स्टॉपवॉचशी ताडून पाहिली.

थंड प्रोसेसर

आता ताण देऊन पाहायची वेळ. सोबत आलेला कूलर आधीच काढून टॉवर कूलर बसवला होता. तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चारही कोअर १०० अंशांवर चिकटलेले; हा या बायोसचा ठरलेला दोष, कोअरचे सेन्सर वाचताच येत नाहीत. म्हणून बोर्डाच्या सेन्सरवर विसंबलो. प्राइम९५ लावलं, तासभर चाललं, तापमान ५८च्या वर गेलं नाही. व्होल्टेज १.२७.

मित्र खूश. मला मात्र हे आकडे पटेनात. प्रोसेसर खातो ती वीज ढोबळमानाने वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी वाढते. मूळ स्थितीत चारही कोअर कामात असताना ३.१ गिगाहर्ट्झ आणि साधारण १.०५ व्होल्ट होते. ४.४ आणि १.२७ धरले तर वीज दुपटीहून जास्त व्हायला हवी. प्राइम९५ हा भट्टी पेटवणारा प्रोग्राम. त्याने ५८ अंश दाखवावेत म्हणजे आत कुणीतरी काम न करता हजेरी लावत होतं.

एन्कोडिंग लावलं आणि उत्तर समोर आलं. मूळ स्थितीत सेकंदाला १८ फ्रेम निघत होत्या, आता ११. त्याच क्लिपला सात मिनिटांऐवजी सव्वाअकरा मिनिटांहून जास्त. वेग बेचाळीस टक्क्यांनी वाढलेला, काम चाळीस टक्क्यांनी मंदावलेलं. मी तीनदा मोजलं. मित्राचा चेहरा तोवर पाहण्यासारखा झाला होता.

दोष एव्हीएक्सचा. एक्स२६५ आणि नवं प्राइम९५, दोन्ही एकाच वेळी २५६ बिट हाताळणाऱ्या एव्हीएक्स२ सूचना भरपूर वापरतात, आणि या मोकळ्या बायोसवर त्या सूचना रांगत चालतात. हे लक्षण बेस क्लॉक ओव्हरक्लॉक केलेल्या स्कायलेकमध्ये सगळीकडे दिसलं होतं. मी वाचलंही होतं, पण "एव्हीएक्स थोडं मंद" एवढंच डोक्यात राहिलं. यामागचं कारण म्हणून माझी एक अटकळ आहे, ती अटकळ म्हणूनच घ्या. स्कायलेकमध्ये २५६ बिटच्या एककाचा वरचा अर्धा भाग काम नसताना झोपवलेला असतो. त्याला जाग यायला सुमारे १४ मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढा वेळ या सूचना चार-साडेचार पट हळू चालतात. जाग आणायचं काम प्रोसेसरमधल्या वीज सांभाळणाऱ्या भागाचं. बेस क्लॉक मोकळा करण्यासाठी याच भागाला गुंगी दिलेली असते. टर्बो नाही, सी-स्टेट नाही, कोअरचं तापमान नाही, ही सगळी त्याचीच खाती. तो झोपला तर वरच्या अर्ध्या भागाला उठवणार कोण?

मग प्राइम९५चा एव्हीएक्सच्या आधीचा मार्ग वापरून पुन्हा ताण दिला. बारा मिनिटांत चूक आली. ५८ अंशांवर तासभर 'स्थिर' असलेलं मशीन मुळात स्थिर नव्हतंच. व्होल्टेज १.३१ केलं, तापमान ७६वर गेलं आणि रात्रभर चाललं. वेग आणि व्होल्टेजच्या वर्गाचा हिशोब करा, मूळच्या सव्वादोन पट वीज येते. आता आकडे एकमेकांशी बोलू लागले.

एन्कोडिंगलाही असाच वळसा घातला. एक्स२६५ला कोणत्या सूचना वापरायच्या हे सांगता येतं, म्हणून त्याला एसएसई४ या एव्हीएक्सच्या आधीच्या सूचनांपुरतं बांधून टाकलं. सेकंदाला १९ फ्रेम. मूळच्या १८पेक्षा एक जास्त! सात मिनिटांचं काम साडेसहा मिनिटांवर आलं. मीटरवर मात्र ९६च्या जागी १६८ वॉट. तीच क्लिप आधी ११ वॉट-तासांत व्हायची, आता १८ लागत होते. रिकाम्या मशीनचे ४१चे ६७ झाले, कारण सी-स्टेट नसताना हा प्रोसेसर विश्रांती घेतच नाही.

न्याय म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. सेव्हन-झिपला सुमारे ३७ टक्के फायदा झाला. गेम ६१वरून ७९वर गेला आणि मधले झटके जवळपास गेले. मशीन फक्त गेमसाठी असतं तर मी हे प्रकरण यशस्वी म्हणून बंद केलं असतं. जुन्या गेमना एव्हीएक्सची पर्वा नसते. मात्र "२.७चे ४.४ केले, ६३ टक्के वाढ" अशी जी भाषा ऐकू येते ती सोडून द्यावी. ६४०० चारही कोअरवर मुळातच ३.१ला धावतो. तुलना त्याच्याशीच करायची, आणि ती ४२ टक्के होते.

एडिटिंगचा दिवस

मित्र मशीन घरी घेऊन गेला. दोन दिवसांनी फोन. "गेम भारी चालतोय रे. पण टाइमलाइन अडकते. आधी नव्हती अडकत."

इथे अंतर्गत ग्राफिक्स आठवलं. त्याचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर एच.२६४ क्लिप उलगडण्यासाठी क्विक सिंक वापरत होतं, आणि क्विक सिंक राहतं त्याच अंतर्गत ग्राफिक्समध्ये. ते मेलं तेव्हा मी काळ्या पडद्यावर हसत होतो. आता क्लिप उलगडायचं ओझं त्याच चार कोअरवर येऊन पडलं होतं. दुसरा मॉनिटर गेल्याचं आम्हाला दिसलं. हे दिसलं नाही, कारण माझ्या मोजणीच्या यादीत एन्कोडिंग होतं, गेम होता, पण तो दिवसाचे आठ तास जे करतो ते एडिटिंगच नव्हतं. टाइमलाइन ओढण्याचा काही बेंचमार्क नसतो, म्हणून ती यादीत आली नाही. मोजायला सोपं तेच मी मोजलं.

आणखी एक मुद्दा होता, तो त्याने विचारला नव्हता पण मी काढला. 'अ' चिपवरचा बायोस त्या खिडकीच्या काळातला, म्हणजे त्यातला मायक्रोकोडही तेव्हाचा. जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी जाहीर झाल्या, त्यानंतरचे बायोसमधले उपाय या चिपला कधीच मिळणार नाहीत. गेमच्या मशीनवर कुणी याकडे काणाडोळा करेल. हा माणूस त्याच मशीनवर ग्राहकांच्या फाइल आणि बँकेचे व्यवहार सांभाळतो.

काही दिवस त्याने बटणाचा खेळ केला. दिवसा 'ब' चिप, रात्री गेमसाठी 'अ'. दर वेळी मशीन बंद करून झाकण काढायचं आणि नखाने बटण सरकवायचं. तिसऱ्या आठवड्यात त्याने झाकण लावलं ते परत काढलं नाही. आत 'ब' होती.

मग मीच सुचवलं ते पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. त्याच सॉकेटमध्ये आय७-६७०० बसतो. चार कोअर पण आठ थ्रेड, चारही कोअरवर ३.७ गिगाहर्ट्झ, वॉट तेच ६५. वापरलेला मिळाला, बसवला, बायोसमध्ये काही बदललं नाही. तीच क्लिप, तेच प्रीसेट, एव्हीएक्स२सकट सेकंदाला २६ फ्रेम, पाच मिनिटांच्या आत. टाइमलाइन सरळ. टॉवर कूलर आता गरजेपेक्षा मोठा आहे आणि त्याचा पंखा ऐकूच येत नाही; या सगळ्या उद्योगातून टिकलेली खरेदी तेवढी एक.

परवा त्याने बायोस उघडून पाहिला.

"अरे, हापण लॉक्डच आहे की."

"हो."

"मग ते बटण?"

"'ब'वर आहे. हात लावू नकोस."